एक बल्ब आणि नऊ मोटारी

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेलं आणि वक्त्याने तपासून दिलेलं.)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "तू पुण्यात एवढी वर्षं काय करत होतास ते आम्हाला कळेल असं सांग. आणि जेवणाच्या आधी संपव." दुसरी अट जास्त महत्त्वाची आहे हे मला कळतं. भज्यांचा वास इथपर्यंत येतोय.

मी गाड्यांच्या बॅटऱ्या तपासण्याच्या कामात होतो. त्यातही हायब्रिड गाड्यांच्या. म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटार, दोन्ही एकाच गाडीत. पण सुरुवात पुण्यात झाली नाही. सुरुवात झाली परळीला.

आठवीत असताना आपली सहल परळीच्या थर्मलला गेली होती. आधी वैजनाथाचं दर्शन, मग थर्मल. तिथल्या साहेबांनी ते मोठाले धुरांडे दाखवत सांगितलं की वीज साठवून ठेवता येत नाही, ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी कुणीतरी वापरावी लागते. तेव्हा आपल्यातल्याच कुणीतरी विचारलं, "मग बॅटरीच्या सेलमध्ये काय असतं?" आपल्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात, तुम्हाला माहीत आहे. साहेब हसले. उत्तर दिलं ते आपल्या विज्ञानाच्या सरांनी, परतीच्या एसटीत, उभ्या-उभ्या. सर म्हणाले, "सेलमध्ये वीज नसते रे. तिथं रसायन असतं. वीज पाहिजे तेव्हा रसायन बदलतं आणि वीज देतं." सर, तुम्ही समोर आहात म्हणून सांगतो, माझी सगळी नोकरी या दोन-तीन वाक्यांवर झाली. बाकीचं सगळं म्हणजे, रसायन कोणतं, ते किती वेगाने बदलतं आणि किती वेळा बदलून थकतं.

आता मूळ मुद्दा. हायब्रिड गाडी काय करते? साधी गाडी आपण पळवतो आणि ब्रेक मारतो. पेट्रोल जाळून जो वेग कमावला तो ब्रेकच्या पट्ट्या तापवण्यात घालवतो. हायब्रिडमध्ये ब्रेक दाबला की मोटार उलटं काम करते, जनित्र होते, आणि तो वेग विजेच्या रूपात बॅटरीत जातो. गाडी पुन्हा निघाली की तीच वीज मोटारीला मिळते. सिग्नलला इंजिन बंद राहतं. हळू चालताना नुसत्या विजेवर चालतं.

सरांनी शिकवलेलं सूत्र आठवतंय का? गतिज ऊर्जा म्हणजे अर्धा एम व्ही वर्ग. फळ्यावर लिहून घेतलं, परीक्षेत पाच मार्कांना आलं, विसरून गेलो. आज तेच वापरू. माणसांसकट १५०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. गणित केलं तर दोन लाख आठ हजार ज्यूल येतात. आकडा मोठा वाटतो ना? विजेच्या हिशेबात तो फक्त ५८ वॅट-तास आहे. साठ वॅटचा पिवळा बल्ब एक तास जळाला, एवढंच. संपूर्ण गाडी थांबवून मिळालं काय, तर एका बल्बची तासाभराची वीज.

पण ती मिळते किती वेळात? ब्रेक मारून गाडी सहा सेकंदांत थांबली असं धरा. तासाभराचा बल्ब सहा सेकंदांत बॅटरीत ओतायचा आहे. म्हणजे सरासरी ३५ किलोवॅट. आपल्या भाषेत सांगायचं तर विहिरीवरच्या पाच एचपीच्या नऊ मोटारी एकदम चालू केल्या तर जेवढी ताकद लागेल, तेवढी.

म्हणून हायब्रिडच्या बॅटरीला मी एक बल्ब आणि नऊ मोटारी असं म्हणतो. साठा छोटा, पण देणंघेणं दांडगं. पुण्यात नवीन मुलं कामाला यायची, चांगल्या कॉलेजातली, पण त्यांनाही हे पटायला आठवडा लागायचा. सगळ्यांना वाटतं बॅटरी म्हणजे हौद, जितका मोठा तितका चांगला. टाटांची नेक्सॉन ईव्ही रांजणगावला तयार होते. २०२० साली ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्यात ३०.२ युनिटची बॅटरी होती. युनिट म्हणजे तेच, आपल्या लाइट बिलातलं. ती नुसत्या विजेवर चालते, तिला हौद पाहिजेच. पण टोयोटाची प्रियस, जिने १९९७ साली हायब्रिड गाड्यांचं युग सुरू केलं, तिची दुसरी पिढी आली तेव्हा तिच्या बॅटरीत जेमतेम १.३ युनिट मावायचे. मारुतीच्या ग्रँड व्हिटारा हायब्रिडमध्ये तर एक युनिटसुद्धा नाही.

मोंढ्यातल्या आडत दुकानात ज्यांनी काम केलंय त्यांना हे लवकर कळेल. शेटजींचे पैसे बँकेत असतात, पण बैलगाडी दारात आली, काटा झाला की उचल द्यायची ती गल्ल्यातून. गल्ल्यात लाखो रुपये नसतात. पण उघडला की लगेच हातात येतात आणि दिवसातून दोनशे वेळा उघडतो. हायब्रिडची बॅटरी म्हणजे गल्ला. आणि शेटजी गल्ला कधी पूर्ण रिकामा होऊ देत नाहीत, कधी भरून वाहूही देत नाहीत. हायब्रिडचा संगणकही तेच करतो. बॅटरी साधारण चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या मधेच खेळवत ठेवतो. म्हणून ती हजारो नाही, लाखो वेळा थोडी थोडी भरते आणि थोडी थोडी रिकामी होते, तरी वर्षानुवर्षं टिकते.

मग रसायन कोणतं? आपल्याला सगळ्यांत ओळखीचं शिसं आणि आम्ल. फ्रान्सच्या गास्तों प्लाँतेने १८५९ साली शोधलं, आणि आजही आपल्या ट्रॅक्टरपासून घरातल्या इन्व्हर्टरपर्यंत तेच आहे. स्वस्त आणि दणकट. पण त्याला एक खोड आहे. त्याला पूर्ण भरलेलं राहायला आवडतं. अर्धवट भरलेलं ठेवलं की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. भारनियमनाच्या दिवसांत आपल्याकडे बारा-बारा तास लाइट नसायची, इन्व्हर्टरची बॅटरी कधी पूर्ण भरायचीच नाही, आणि दोन वर्षांत बसायची. आपण दुकानदाराशी भांडायचो. बिचाऱ्याची चूक नव्हती. हायब्रिडमध्ये तर बॅटरी जाणूनबुजून अर्धवट भरलेली ठेवायची असते, म्हणून तिथे साधं शिसं चालत नाही.

दुसरं रसायन निकेल आणि हायड्राइडचं. वजनाच्या मानाने साठा मध्यम, पण स्वभावाने सोशिक. अर्धवट भरलेलं राहिलं तरी कुरकुर नाही. प्रियस यावरच उभी राहिली, आणि इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिडमध्येही हीच जात आहे. काही जण विचारतात की मोबाइलमध्ये लिथियम असताना एवढ्या महागड्या गाडीत जुनं निकेल का? मी म्हणतो, शर्यतीचा बैल आणि औताचा बैल एकच नसतो.

तिसरं लिथियम. सोनी कंपनीने १९९१ साली बाजारात आणलं, आणि २०१९ साली त्याच्या तीन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. वजनाला हलकं, जागा कमी. आता बहुतेक नव्या गाड्या तिकडेच चालल्यात. पण त्याला सांभाळावं लागतं. प्रत्येक सेलचं तापमान, प्रत्येक सेलचा व्होल्टेज सतत बघावा लागतो.

आणखी दोन प्रकार आहेत ज्यांत रसायन बदलतच नाही. एक सुपरकपॅसिटर. त्यात विद्युतभार नुसता पृष्ठभागावर चिकटून बसतो, आत कुठली अभिक्रिया नाही. म्हणून तो पापणी लवते तेवढ्यात भरतो आणि लाखो वेळा भरला तरी थकत नाही. पण मावतं फार थोडं. गल्ल्यापेक्षाही लहान, सदऱ्याचा खिसा म्हणा. शांघायमध्ये २००६ पासून यावर बस चालवल्या, दर काही थांब्यांवर उभ्या-उभ्या भरून घ्यायच्या. दुसरा प्रकार तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. ऑइल इंजिनाचं ते जड चाक! हँडल मारून इंजिन चालू करताना हात मोडून घेतलेले इथे किमान चार जण दिसतात मला. इंजिनाचा ठोका एका क्षणाला पडतो, पण चाक फिरत राहतं ते त्या चाकात साठलेल्या ताकदीमुळे. असंच पण हलकं आणि अतिशय वेगाने फिरणारं चाक बसवलेली ऑडीची हायब्रिड गाडी २०१२ साली फ्रान्समधल्या ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांत मात्र ते आलं नाही, रसायनानेच बाजी मारली.

आपल्याकडेही प्रयत्न झाले, आणि पुण्यात मी ते जवळून बघितले. २०१० साली केपीआयटी आणि भारत फोर्ज या पुण्याच्या दोन कंपन्यांनी मिळून 'रिव्होलो' नावाचा संच जाहीर केला. आपली जुनीच गाडी, तिला मोटार आणि बॅटऱ्या जोडायच्या, घरच्या प्लगवर भरायच्या, झाली हायब्रिड. कल्पना अशी होती की सगळ्या देशाला भुरळ पडावी. पण जुन्या गाडीला असा संच बसवायचे सरकारी नियम यायलाच २०१६ साल उजाडलं, आणि तोवर सगळ्यांचं लक्ष पूर्ण विजेच्या गाड्यांकडे गेलं. २०१८ साली मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टाटांच्या पंचवीस हायब्रिड बसगाड्या धावू लागल्या. जागा अगदी योग्य होती. शंभर मीटर जा, थांबा, पुन्हा निघा. हायब्रिडला असाच रस्ता लागतो.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आता मी माझी चूक सांगणार आहे.

सहा वर्षांपूर्वी आपण पहिल्यांदा भेटलो होतो, गंगाखेडच्या त्या हॉलमध्ये. तेव्हा आपला एक मित्र माझ्याजवळ आला. नाव घेत नाही, तो समोरच बसलाय आणि त्याने सांगायची परवानगी दिली आहे. शर्टाचा रंगही सांगत नाही. (हशा.) त्याची भाड्याची गाडी चालते. परळी स्टेशन, गंगाखेड, परभणी, लग्नाचं वऱ्हाड, दवाखान्याचे पेशंट. त्याने विचारलं, "जुनी हायब्रिड मिळतेय पुण्यात, चांगली आहे म्हणतात, घेऊ का?" मी हातात पेढा धरून म्हणालो, "डोळे झाकून घे." तो कुठल्या रस्त्यावर चालवतो, गाडीत काय भरतो, दुपारी कुठे उभी करतो, काही विचारलं नाही. तीस वर्षं बॅटऱ्या तपासणाऱ्या माणसाने एकही प्रश्न विचारला नाही.

त्याने घेतली. पहिली तक्रार आली ती अॅव्हरेजची. "तू म्हणालास तेवढं पडत नाही." कसं पडेल? सोनपेठ ते परळी सिग्नल किती? एकही नाही. सलग वेगात चाललं की बॅटरीला काही कामच नसतं. आणि जे थोडं होतं ते हा गडी स्पीडब्रेकर दिसला की कचकन ब्रेक मारून घालवायचा. आपण मघाशी ३५ किलोवॅटचा हिशेब केला ना, ती बॅटरी एकदम तेवढं घेऊच शकत नाही. जास्तीचं सगळं साध्या ब्रेकमध्ये तापून जातं. लांबून, हळूहळू ब्रेक दाबला तरच वीज साठते.

हे चाललं असतं. पण दुसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, पाथरीच्या रस्त्यावर गाडीने लाल दिवा दाखवला आणि उभी राहिली. आत लग्नाला निघालेली माणसं, त्यात एक म्हातारी. बाहेर पंचेचाळीस अंश.

मी दोन दिवसांनी आलो. मागचं सीट उघडलं. आता हे नीट ऐका, कारण इथे आणखी दोघांकडे हायब्रिड आहेत. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत बॅटरी मागच्या सीटखाली किंवा पाठीमागे असते, आणि ती थंड राहते गाडीतल्या हवेवर. सीटच्या बाजूला एक जाळी असते, तिच्यातून छोटा पंखा हवा ओढतो. लोकांना वाटतं तो स्पीकर आहे. याच्या गाडीत त्या जाळीसमोर कायम पिशव्या, गाठोडी रचलेली. आणि आत पंख्यावर काय होतं? कापूस. अक्षरशः गोधडी झाली होती कापसाच्या तंतूंची आणि धुळीची. दिवाळीपासून कापसाच्या हंगामात शेतातून आलेली माणसं त्या सीटवर बसत होती, त्यांच्या कपड्यांवरचे तंतू सगळे पंख्याने आत ओढले. हवा बंद. बॅटरी आतल्या आत भाजत होती.

आमच्या खात्यात एक ठोकताळा आहे. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पुण्यात आम्ही बॅटऱ्या ५५ अंशांच्या बंद कपाटात आठवडेच्या आठवडे ठेवून तपासायचो. आणि मी जन्मलो त्या गावात मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत याहून जास्त तापमान असतं, हे मला सुचलं नाही. जाळीबद्दल मी त्याला एक शब्द बोललो नव्हतो.

बॅटरीत छोट्या-छोट्या पेट्या साखळीसारख्या एकामागे एक जोडलेल्या असतात. मधल्यांना हवा सगळ्यांत कमी, म्हणून त्या आधी जातात. आणि एक गेली की सगळी साखळी अडते. परभणीच्या एका मेकॅनिकने खराब तीन पेट्या बदलून दिल्या. मी म्हणालो होतो की बाकीच्याही तितक्याच भाजल्यात, टिकणार नाही. चार महिन्यांत पुन्हा तीच गत. शेवटी नवा संच घ्यावा लागला. त्याच्या मुलीचं लातूरला अॅडमिशन होतं त्या वर्षी, त्यासाठी जपून ठेवलेले पैसे त्यात गेले. मुलगी वर्षभर इथेच राहिली, परभणीला एसटीने जाऊन-येऊन शिकली.

मी निम्मे पैसे घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याने घेतले नाहीत. म्हणाला, "तू सांगितलंस, पण चालवली मी." वहिनींनी मात्र मला चहा दिला तो बिनसाखरेचा. (हशा.) बरोबर होतं त्यांचं. त्यांनी नंतर मला एवढंच विचारलं, "भाऊजी, तुमच्या स्वतःच्या भावाने विचारलं असतं तर असंच सांगितलं असतं का?" मला उत्तर देता आलं नाही. अजूनही नाही.

जुनी बॅटरी घ्यायला भंगारवाला आला होता, पैसे बरे देत होता. मी देऊ दिली नाही. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली आहे, डीलरकडेच द्यायची. आणि शिशाच्या बॅटरीबद्दल तर हात जोडून सांगतो. आपल्याकडे कुठेही शेडमध्ये फोडून शिसं वितळवतात. तो धूर आजूबाजूच्या लेकरांच्या रक्तात जातो. दोनशे रुपये जास्त मिळतात म्हणून तिथे देऊ नका.

पुढच्या काळाबद्दल थोडं. जुलै २०२४ मध्ये टोयोटाने राज्य सरकारशी करार केला, छत्रपती संभाजीनगरला गाड्यांचा मोठा कारखाना काढायचा, त्यात हायब्रिडही असतील. म्हणजे हे काम आता मराठवाड्यात येऊ घातलंय. आणि पुण्यात आयसर संस्थेबरोबर केपीआयटीने सोडियमच्या बॅटरीचं तंत्र २०२३ अखेर जाहीर केलं. सोडियम म्हणजे मिठातला. लिथियम आपल्याला बाहेरून आणावं लागतं, मीठ आपल्याकडे भरपूर आहे. साठा लिथियमपेक्षा कमी, पण तुम्हाला आता माहीत आहे की गल्ल्याला मोठा साठा लागतच नाही. आपल्या शाळेतली जी पोरं आयटीआयला जातात, त्यांच्या मास्तरांना माझी विनंती आहे की वायरमनच्या जोडीला त्यांना बॅटरी दुरुस्ती शिकवायला कुणी बोलवा. मला बोलवलं तर मी येईन, मानधन नको, जायचं-यायचं भाडंही नको.

आता त्या मित्राची गाडी चालू आहे. पाथरीच्या रस्त्यावर कमी, परभणी शहरात जास्त चालवतो, दवाखान्यांच्या फेऱ्या घेतल्यात. मध्यंतरी त्याने त्या जाळीवर मच्छरदाणीचं कापड शिवून लावलं होतं, कापूस जाऊ नये म्हणून. मला कौतुकाने फोटो पाठवला. मी लगेच फोन करून काढायला लावलं, हवाच बंद होईल म्हणून. आता दर महिन्याला त्याची मुलगी जुन्या टूथब्रशने ती जाळी साफ करते. ती लातूरला नाही गेली, पण यंदा परभणीला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि मला फोनवर असे प्रश्न विचारते की माझी पंचाईत होते. गेल्या आठवड्यात विचारत होती की मधल्या पेट्या आधी तापतात तर कंपनी हवा मधून का सोडत नाही. मी म्हणालो, बघून सांगतो.

गाडी शाळेच्या मैदानात, लिंबाखाली उभी आहे. सावलीत, हे महत्त्वाचं. जेवणं झाली की तिकडे या, मागचं सीट काढून दाखवतो. सर, तुमच्यासाठी खुर्ची ठेवली आहे. नारंगी रंगाच्या जाड वायरी दिसतील, त्यात दोनशे व्होल्टच्या वर असतात, त्यांना कुणी हात लावायचा नाही. बाकी सगळं हाताने बघा.